चाळीस एकरांचा हट्ट

४ डिसेंबर १८६५. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून जेमतेम आठ महिने झाले होते आणि वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाचं नवं अधिवेशन भरत होतं. बंडखोरी करून हरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांनी घाईघाईने निवडणुका उरकल्या होत्या. काही झालंच नाही अशा थाटात त्यांचे सदस्य राजधानीत दाखल झाले होते. सभागृहाचे क्लार्क एडवर्ड मॅक्फर्सन यांनी हजेरीपट वाचायला घेतला. टेनेसीची पाळी आली आणि ती नावं त्यांनी सरळ गाळली. होरेस मेनार्ड हे टेनेसीचे सदस्य बोलायला उठले, तर हजेरी चालू असताना मध्ये बोलता येणार नाही म्हणून त्यांना बसवण्यात आलं. गंमत म्हणजे मेनार्ड युद्धातही संघराज्याशी इमान राखून राहिलेले. पण टेनेसीला आत घेतलं की मिसिसिपी आणि जॉर्जियाला कोणत्या तोंडाने बाहेर ठेवणार? त्या दिवशी दक्षिणेतल्या एकाही माजी बंडखोर राज्याचं नाव पुकारलं गेलं नाही.

ही सगळी चाल पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या एका ७३ वर्षांच्या खासदाराची होती. मॅक्फर्सन त्यांच्याच तालमीत तयार झालेले. पाय जन्मतः वाकडा, त्यामुळे चाल लंगडी; डोक्यावर केस नाहीत म्हणून तांबूस टोप; जिभेला मात्र वस्तऱ्याची धार. थॅडियस स्टीव्हन्स हे त्यांचं नाव.

अमेरिकेत गेली दीडशे वर्षं या माणसाची प्रतिमा वर-खाली होत आली आहे. १९१५च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या कुप्रसिद्ध मूकपटातला लंगडा, टोप घातलेला खलपुरुष त्यांच्यावरूनच बेतलेला होता. कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी युद्धोत्तर काळाचा जो इतिहास लिहिला, त्यात स्टीव्हन्स म्हणजे सूडाने पेटलेला म्हातारा. जॉन केनेडींनीही १९५६च्या ‘प्रोफाइल्स इन करेज’मध्ये त्यांना आततायीपणाचा नमुना ठरवलं. पुढे वारं फिरलं. २०१२मध्ये स्पीलबर्गच्या ‘लिंकन’मध्ये टॉमी ली जोन्सने त्यांना पडद्यावर आणलं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. २०२२मध्ये गेटिसबर्गच्या न्यायालयासमोर पुतळा उभा राहिला. हे सारं कौतुक गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यांचं मोठेपण ज्या लढाईत ते जिंकले तिच्यापेक्षा ज्या लढाईत ते सपशेल हरले तिच्यात जास्त दिसतं. ती लढाई जमिनीची होती.

स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिल गावचा. बाप घर सोडून गेला; आईने चार मुलांना कष्टाने वाढवलं. डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियात आले, थोडे दिवस शाळेत शिकवलं आणि १८१६मध्ये गेटिसबर्गला वकिली सुरू केली. मेरीलँडची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर. सीमेच्या अलीकडे गुलामगिरी संपत आलेली, पलीकडे जोरात.

त्या काळातला एक खटला त्यांच्या चाहत्यांना अडचणीचा वाटतो. चॅरिटी बटलर नावाच्या गुलाम स्त्रीला मेरीलँडहून अधूनमधून पेनसिल्व्हेनियात आणलं जात असे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे गुलामाचा मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त झाला की तो मुक्त. आपल्या सगळ्या मुक्कामांची बेरीज केली तर मुदत भरते, असं चॅरिटीचं म्हणणं होतं. १८२१मध्ये मालकाच्या बाजूने उभे राहिलेल्या तरुण वकिलाने युक्तिवाद केला की मुक्काम सलग हवा, तुकड्यातुकड्यांची बेरीज चालणार नाही. न्यायालयाला ते पटलं. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामीतच राहिली. तो वकील म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ते गुलामगिरीविरुद्ध जाहीरपणे बोलू लागले आणि पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रं घेऊ लागले. त्या खटल्याची टोचणी लागली म्हणून हा बदल झाला, असं चरित्रकारांना मांडावंसं वाटतं. तसं असेलही. चॅरिटीला त्याचा काही उपयोग झाला नाही.

राज्याच्या विधिमंडळात त्यांचं नाव झालं ते १८३५ साली. आदल्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने सर्वांसाठी मोफत शाळांचा कायदा केला होता आणि करदाते खवळले होते. दुसऱ्यांच्या पोरांच्या शिक्षणाचा भुर्दंड आम्ही का सोसायचा, असा सवाल हजारो सह्यांच्या अर्जांतून विचारला जात होता. सिनेटने कायदा रद्द करायचं ठरवलंही. प्रतिनिधीगृहात ११ एप्रिलला स्टीव्हन्स बोलायला उभे राहिले. तुरुंगासाठी कर देता ना, मग ज्याचा मुलगा तुरुंगात नाही तो कुरकुर का करत नाही, अशा धर्तीचं ते भाषण होतं. कायदा वाचला. पुढे १८३८च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटना परिषदेचे सदस्य असूनही त्यांनी त्या मसुद्यावर सही केली नाही.

त्यांना संत करण्याचं कारण नाही. ते जुगार खेळत, राजकारणात डावपेचांचे बादशहा होते, फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या मंडळींवर त्यांची वर्षानुवर्षं खुन्नस होती आणि स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकणाऱ्या ‘नो-नथिंग’ पक्षाशीही त्यांनी काही काळ घरोबा केला.

१८४२मध्ये ते लँकेस्टरला आले. १८५१च्या सप्टेंबरात जवळच्याच ख्रिश्चियाना गावात पळालेल्या गुलामांना पकडायला आलेला मेरीलँडचा एक मालक चकमकीत मारला गेला. सरकारने अडतीस जणांवर थेट राजद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला आरोपी कॅस्टनर हॅनवे हा गोरा गिरणीवाला. त्याचा गुन्हा एवढाच, की गुलाम पकडायला मदत कर म्हटल्यावर त्याने नकार दिला. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. ज्युरीने पंधरा मिनिटांत हॅनवेला सोडून दिलं. दक्षिणेच्या सैन्याने हे सगळं लक्षात ठेवलं असावं. जून १८६३मध्ये गेटिसबर्गच्या लढाईआधी जनरल अर्लीच्या फौजेने वाटेत स्टीव्हन्स यांचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला. बातमी कळल्यावर, माझी कर्जंही जळली का, असं त्यांनी विचारल्याचा किस्सा सांगितला जातो. कारखाना कधी धड नफ्यात नव्हता, पण मजुरांच्या चुली चालाव्यात म्हणून ते तो चालवत.

युद्धकाळात प्रतिनिधीगृहाची तिजोरी त्यांच्या हाती होती. करविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून युद्धाचा पैसा, नवे कर, कागदी चलन हे सारं त्यांच्या टेबलावरून जात असे. लिंकनना ते सतत टोचत राहिले: गुलामांना मुक्त करा, त्यांच्या हाती बंदुका द्या. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. ‘लिंकन’ चित्रपटाचा कळस इथे येतो. खरा प्रश्न इथून सुरू होत होता.

चाळीस लाख माणसं मुक्त झाली, पण त्यांनी खायचं काय? अंगावरच्या कपड्यांपलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. ज्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबले ती शेतं मालकाची, झोपडी मालकाची, औत-बैल मालकाचे. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन स्वतः टेनेसीचे. बंडखोरांना त्यांनी माफीनामे वाटायला सुरुवात केली आणि माफीबरोबर जमीनही परत मिळू लागली. दक्षिणेत ‘येरे माझ्या मागल्या’ सुरू झालं. नोव्हेंबर १८६५मध्ये मिसिसिपीने कायदा केला की कृष्णवर्णीयाने दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवला पाहिजे आणि शहराबाहेर त्याला शेतजमीन भाड्यानेसुद्धा घेता येणार नाही. पुढच्या जानेवारीत जॉर्जियाने सिनेटवर कुणाला निवडून द्यावं? बंडखोर सरकारचे उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांना!

स्टीव्हन्स यांनी ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टरच्या सभेत आपला हिशेब लोकांपुढे ठेवला होता. बंडखोरांतले वरचे सत्तर हजार जमीनदार घ्या. त्यांच्याकडची आणि बंडखोर राज्यसरकारांकडची जमीन मिळून ३९ कोटी ४० लाख एकर भरते. ती जप्त करा. मुक्त झालेल्या सुमारे दहा लाख प्रौढ पुरुषांना चाळीस-चाळीस एकर द्या, म्हणजे चार कोटी एकर झाले. उरलेली पस्तीस कोटींहून जास्त एकर जमीन दहा डॉलर एकराने विका; त्यातून जखमी सैनिकांची पेन्शनं द्या, उत्तरेत ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई द्या, युद्धाचं कर्ज फेडा. दक्षिणेतल्या सामान्य गोऱ्या शेतकऱ्याच्या बांधालाही हात लावायचा नव्हता.

‘क्रांतिकारक’, ‘लुटारू’ अशी शेलकी विशेषणं या योजनेला मिळाली. आज आकडे नीट पाहिले तर उलट वाटतं. जप्त होणाऱ्या जमिनीचा जेमतेम दहावा हिस्सा कसणाऱ्यांना मिळणार होता. बाकी सगळा लिलाव, आणि लिलावात बोली लावणारे अर्थातच उत्तरेतले पैसेवाले. त्या जमिनीतला बराच भाग तीस वर्षांपूर्वी चेरोकी, क्रीक अशा मूळ रहिवाशांना हुसकावून मिळवलेला होता, त्याबद्दल स्टीव्हन्स यांनी अवाक्षर काढलं नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्यांच्या कानावर आहे त्या मराठी वाचकाला तर ही योजना बेताचीच वाटेल.

आणि ती अशक्य होती असंही नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ती घडलेली होती. जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५मध्ये विशेष आदेश क्रमांक १५ काढून किनारपट्टी आणि बेटांवरची जमीन मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवली. काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसं तिथे वसली, त्यांनी पेरण्या केल्या. मग जॉन्सन यांचा हुकूम आला: जमिनी मूळ मालकांना परत करा. ही बातमी सांगायला ऑक्टोबरमध्ये जनरल ऑलिव्हर हॉवर्ड एडिस्टो बेटावर गेले. चर्च माणसांनी गच्च भरलं होतं. हॉवर्ड सांगू लागले तसा गलका वाढत गेला, कुणी ऐकून घेईना. जरा शांत व्हावं म्हणून काही गाणं म्हणा, असं त्यांनी सुचवलं. एका म्हातारीने सुरू केलं ते दुःखाचं भजन, आणि जनरलसाहेबांच्याच डोळ्यांत पाणी आलं. नंतर त्या लोकांनी अर्ज लिहिला. ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, जो त्याच्या अटींवर राबल्याशिवाय मला त्याच्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही आणि मला जमीन मिळू नये म्हणून झटतो, त्याला मी माफ करू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. अर्थशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचूनही ज्यांना प्रश्न कळला नव्हता, त्यांनी हा अर्ज वाचायला हवा होता.

५ फेब्रुवारी १८६६ रोजी स्टीव्हन्स यांनी जमिनीची तरतूद प्रतिनिधीगृहात मतदानाला टाकली. बाजूने ३७, विरोधात १२६. दक्षिणेचे सदस्य सभागृहात नव्हतेच. स्टीव्हन्स यांना पाडलं ते त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाने.

कारणं काय दिली गेली? खासगी मालमत्ता पवित्र आहे. सरकार जमीन वाटू लागलं तर लोक आळशी होतील. ही कारणं देणाऱ्या याच काँग्रेसने १८६२च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे जाणाऱ्या कुणालाही १६० एकर जवळपास फुकट देऊ केले होते आणि रेल्वे कंपन्यांना कोट्यवधी एकर बहाल केले होते. त्याच वर्षी राजधानीतले गुलाम मुक्त करताना सरकारने मालकांना डोईमागे तीनशे डॉलरपर्यंत भरपाई दिली होती. गुलामांसाठीही तरतूद होती, शंभर डॉलरपर्यंत, पण देश सोडून जात असाल तर! आळसाची चिंता फक्त एकाच रंगाच्या माणसाबद्दल होती. न्यू यॉर्क टाइम्सने १८६७च्या जुलैमध्ये खरी भीती बोलून दाखवली: श्रम आणि भांडवल यांच्या नात्याला दक्षिणेत हात घातला तर ते लोण उद्या उत्तरेतल्या शहरांपर्यंत येईल. त्यात आणखी एक पेच होता तो कापसाचा. बेटांवर स्वतःची जमीन मिळालेली माणसं आधी मका आणि रताळी लावत होती. गिरण्यांना हवा होता कापूस. या कापसाचं वजन मुंबईलाही माहीत होतं. युद्धात अमेरिकी कापूस अडला तेव्हा मुंबईत सोन्याचा धूर निघाला आणि १८६५ साली युद्ध थांबताच इथला शेअरबाजार धाडकन कोसळला.

जमिनीवर हरलेला हा माणूस रुसून घरी बसला नाही. स्टीव्हन्स यांना ‘हटवादी’ म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. चौदाव्या घटनादुरुस्तीचा मसुदा त्यांच्या मनासारखा नव्हता. कृष्णवर्णीयांना मताधिकाराची थेट हमी त्यात नव्हती. राज्यांनी मताधिकार नाकारला तर त्यांच्या जागा कमी करू, एवढीच आडवळणाची तरतूद होती. १३ जून १८६६ रोजी ते सभागृहात म्हणाले, भेदाचा प्रत्येक अवशेष पुसून टाकता येईल असं स्वप्न मी तरुणपणापासून पाहत आलो, ते विरलं. मग असा अपुरा मसुदा का स्वीकारता, तर मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. आणि त्यांनी तो मंजूर करून घेतला. पहिल्या कलमाचे बहुतेक शब्द ओहायोच्या जॉन बिंगहॅम यांचे. ते सभागृहातून पार नेणारे स्टीव्हन्स. त्यातला ‘कायद्याचे समान संरक्षण’ हा शब्दप्रयोग आज भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४मध्ये आहे.

जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात मात्र त्यांचा तोल गेला, असंच म्हणावं लागतं. अध्यक्षांनी युद्धमंत्र्याला काढलं हे कायदेशीर कारण लंगडं होतं. जॉन्सन यांचा खरा अपराध राजकीय होता आणि तो आरोपपत्रात बसत नव्हता. प्रकृती इतकी ढासळली होती की दोन तरुण त्यांना खुर्चीतून उचलून सभागृहात नेत. तुम्ही दोघं मेलात तर मला कोण वाहून नेणार, अशी थट्टा ते त्यांच्याशी करत, असं सांगतात. १६ मे १८६८ रोजी सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ असं मतदान झालं. दोन-तृतीयांश बहुमताला एक मत कमी पडलं आणि जॉन्सन वाचले.

जुलै अखेरीस चौदावी दुरुस्ती अमलात आल्याचं जाहीर झालं आणि दोनच आठवड्यांनी, ११ ऑगस्टच्या रात्री, स्टीव्हन्स गेले. उशाशी लिडिया हॅमिल्टन स्मिथ होत्या. मिश्रवर्णीय, विधवा, वीस वर्षं त्यांचं घर सांभाळणाऱ्या. नात्याबद्दल गावात कुजबुज होती, पुरावा कुणाकडे नाही; ‘लिंकन’ चित्रपटाने तो संबंध खराच धरला. ते त्यांना ‘मिसेस स्मिथ’ म्हणत आणि इतरांनीही तसंच म्हणावं असा त्यांचा आग्रह असे. मृत्युपत्रात त्यांच्यासाठी वर्षाला पाचशे डॉलर किंवा एकरकमी पाच हजार ठेवलेले होते. अनाथ मुलांच्या आश्रमासाठीही रक्कम होती, वंश किंवा रंगावरून भेद करायचा नाही या अटीवर. त्यातून उभी राहिलेली तंत्रशिक्षणाची संस्था लँकेस्टरमध्ये आजही चालू आहे. त्यांचं पार्थिव कॅपिटॉलच्या घुमटाखाली ठेवलं गेलं. हा मान त्याआधी फक्त हेन्री क्ले आणि लिंकन यांना मिळाला होता. लँकेस्टरच्या मोठ्या दफनभूमींच्या नियमांत कृष्णवर्णीयांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी तिथे पुरून घ्यायला आधीच नकार देऊन एक छोटी दफनभूमी निवडली होती आणि तिथे येण्याचं कारण थडग्यावर कोरून घेतलं होतं.

पुढचं सगळं त्यांच्या हिशेबाप्रमाणेच झालं. जमीन नसलेला मुक्त माणूस त्याच मालकाची शेती बटईने करू लागला. बियाणं उधार, धान्य उधार, कापूस वेचून झाल्यावर वही उघडली की बाकी त्याच्याच अंगावर. १८७७मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं संघराज्याचं सैन्य मागे घेतलं गेलं. १८९०मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदानाला कर आणि साक्षरतेची अट लावली; इतर राज्यं तिच्या मागून गेली. चौदावी आणि मताधिकाराची पंधरावी दुरुस्ती कागदावर शाबूत राहून बोलाचीच कढी झाली. जो मालकाच्या झोपडीत राहतो आणि मालकाच्या दुकानातून उधारीने पीठ आणतो, त्याला मतपेटीपाशी जाण्यापासून रोखायला बंदूकही लागत नाही. जमीन मिळाली असती तर दक्षिणेतला वंशद्वेष संपला असता असा दावा करणं भाबडेपणाचं होईल. पण दहा लाख कुटुंबांना दरसाल घराबाहेर काढण्याची धमकी देता आली नसती. दोन बाजारहाट जास्त करण्याइतकी आणि चार कोर्टकज्जे लढण्याइतकी ताकद त्यांच्यात असती. त्या काळात हे अचूक हेरलेला बडा नेता स्टीव्हन्स यांच्याइतका दुसरा नव्हता, आणि ज्यांनी नेमस्तपणाच्या नावाखाली त्यांना पाडलं त्यांच्या चुकीची किंमत इतरांनी मोजली.

१८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. त्या अर्पणपत्रिकेत कुणा एका व्यक्तीचं नाव नाही. आपल्या वर्गांत ती शिकवली जाते, तेव्हा लिंकन यांच्या जोडीने लँकेस्टरच्या या लंगड्या वकिलाचंही नाव मुलांना सांगायला हवं. आणि सांगताना ५ फेब्रुवारी १८६६चं मतदानही सांगावं: सभागृहात त्यांच्याच पक्षाचं भक्कम बहुमत होतं आणि जमिनीच्या बाजूने ३७ मतं पडली.